५०३ येतो, रीस्टार्टने जातो, पुन्हा येतो: शोध कुठून सुरू करायचा?

केशरी
एका माहितीपर संकेतस्थळावर गर्दीच्या वेळी '५०३ सर्व्हिस अनअव्हेलेबल' हा एरर दिसतो. मधूनच ५०४ पण येतो. पीएचपी-एफपीएम (पीएचपीचा कोड चालवणारी सेवा) रीस्टार्ट केलं की साइट लगेच उठते आणि गर्दी वाढली की पुन्हा बसते. रचना साधी आहे: पुढे सीडीएन (वाचक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसून पानं पुरवणारं जाळं), मागे एकच उबंटू सर्व्हर, ४ जीबी मेमरी, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, पीएचपी-एफपीएम आणि त्याच मशीनवर मायएसक्यूएल डेटाबेस. होस्टिंगवाले म्हणतात, मोठा सर्व्हर घ्या. मला आधी कारण कळायला हवंय. कशानंतर काय तपासायचं, आणि रीस्टार्ट करण्याआधी काय जपून ठेवायचं, हे जाणकारांनी सांगावं.

लॉगवाचक
पहिला प्रश्न एकच: हा ५०३ देतंय कोण? पडद्यावर आकडा एकच दिसतो, पण तुमच्याकडे तो सीडीएन देऊ शकतं, एनजिनएक्स स्वतः देऊ शकतं आणि पीएचपीचा कोडही देऊ शकतो. तिघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. हे ठरवल्याशिवाय केलेला रीस्टार्ट म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

सीडीएन बाजूला काढून पाहण्यासाठी कर्ल कमांडला '--रिझॉल्व्ह' हा पर्याय द्या. त्यात डोमेन, पोर्ट ४४३ आणि मूळ सर्व्हरचा आयपी लिहिला की विनंती सीडीएनला वळसा घालून थेट तुमच्या मशीनवर जाते. तिथेही ५०३ आला तर सीडीएन निर्दोष.

पुढची पायरी एनजिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगची. मूळ 'कंबाइन्ड' फॉरमॅटमध्ये कामाची गोष्ट नसते. त्यात तीन व्हेरिएबल्स वाढवा: अपस्ट्रीम स्टेटस, अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम आणि रिक्वेस्ट टाइम (अपस्ट्रीम म्हणजे एनजिनएक्सच्या मागची सेवा, इथे एफपीएम). मग ५०३ ची ओळ काढून बघा. अपस्ट्रीम स्टेटसच्या जागी ५०३ असेल तर उत्तर पीएचपीकडून आलंय. तिथे नुसती आडवी रेघ असेल तर एनजिनएक्सने मागे विचारलंच नाही, परस्पर नकार दिला. निम्मा शोध इथेच संपतो.

रात्रपाळी
लॉगवाचक यांच्याशी पूर्ण सहमत. आकड्यांबद्दल थोडं, कारण ५०२, ५०३ आणि ५०४ यांची सरमिसळ फार होते.

५०२ म्हणजे मागच्या प्रक्रियेशी बोलणंच नीट झालं नाही. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये कंसात एक क्रमांक असतो, तो वाचायची सवय लावा. १११ म्हणजे 'कनेक्शन रिफ्यूज्ड', त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही. २ म्हणजे सॉकेटची (दोन प्रक्रियांना जोडणाऱ्या दुव्याची) फाइलच नाही. पीएचपीची आवृत्ती बदलल्यावर सॉकेटचं नाव बदलतं आणि कॉन्फिगमध्ये जुनंच राहतं, तेव्हा हमखास हे येतं. १३ म्हणजे परवानगी नाही. ११ म्हणजे 'रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल', सॉकेट जिवंत आहे पण त्याची रांग भरली. १०४ म्हणजे बोलता बोलता समोरची प्रक्रिया मेली.

५०४ म्हणजे जोडणी झाली, उत्तर वेळेत आलं नाही. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतं. लॉगमध्ये ११० दिसेल.

५०३ चा अर्थ प्रमाणकानुसार 'सध्या भार जास्त आहे किंवा देखभाल चालू आहे, नंतर या'. सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर देता येतं, सेकंदांत किंवा तारखेत. आणि केशरी, हे महत्त्वाचं: मागचा एफपीएम नुसता तुंबला तर एनजिनएक्स ५०४ किंवा ५०२ देतं, ५०३ देत नाही. म्हणजे तुमच्या ५०३ ला आणखी काहीतरी कारण आहे.

टर्मिनल
सगळं खरं, पण साइट बंद असताना लोक ताटकळत असतात. मी म्हणेन आधी रीस्टार्ट, मग तपास. लॉग कुठे पळून जातात?

लॉगवाचक
@टर्मिनल, पळून जातात, म्हणून तर सांगतोय. बिघाडाच्या क्षणी कोणती क्वेरी अडकली होती, कोणती प्रक्रिया किती मेमरी खात होती, किती जोडण्या लोंबकळत होत्या, हे कुठल्याच लॉगमध्ये आपोआप लिहिलं जात नाही. रीस्टार्ट केला की पुरावा गेला. पूर्ण मशीन रीबूट केलं तर कर्नलचे संदेशही जातात. सिस्टिमडीचा (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) जर्नल '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी नसेल तर मूळ सेटिंगमध्ये फक्त मेमरीत राहतो, तोही जातो.

एक छोटी स्क्रिप्ट आधीच लिहून ठेवा. तिने तारीख-वेळ नावात असलेल्या फाइलमध्ये एवढं ओतावं: अपटाइम, फ्री -एम, डीएफ -एच, डीएफ -आय, मेमरीनुसार उतरत्या क्रमाने लावलेला पीएसचा निकाल, एसएस -एस, मायएसक्यूएलची 'शो फुल प्रोसेसलिस्ट', डीमेसेज -टी (कॅपिटल टी) चा शेवटचा भाग आणि एनजिनएक्स व एफपीएमच्या एरर लॉगच्या शेवटच्या दोनशे ओळी. हे काही सेकंदांत होतं. मग खुशाल रीस्टार्ट करा.

टर्मिनल
स्क्रिप्ट तयार असेल तर माझी हरकत नाही. माझा विरोध बंद साइटसमोर बसून लॉग चाळण्याला होता. एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील तर अजून चांगला मार्ग आहे: बिघडलेला एक लोड बॅलन्सरमधून (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर काढा, बाकीचे रीस्टार्ट करा आणि बाहेर काढलेला तसाच ठेवून निवांत तपासा.

जुनी_वही
डिस्क आधी बघा. भरलेली डिस्क फार विचित्र रूपांत समोर येते: सेशन लिहिता येत नाही, मायएसक्यूएल लिहिताना अडकतं, लॉगही थांबतात, त्यामुळे लॉगमध्ये 'काहीच दिसत नाही'.

दोन गोष्टी हटकून चुकतात. एक, डीएफ -एच मध्ये जागा दिसते पण आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपलेले असतात. पीएचपीच्या सेशन फाइल्स किंवा कॅशेच्या लाखो बारीक फाइल्स साठल्या की असं होतं; त्यासाठी डीएफ -आय. दोन, मोठी लॉग फाइल आरएमने उडवली तरी जागा परत येत नाही, कारण चालू प्रक्रियेने ती उघडी धरलेली असते. 'एलएसओएफ +एल१' (कॅपिटल एल) केलं की अशा पुसलेल्या पण धरलेल्या फाइल्स दिसतात. लॉग रिकामा करायचा असेल तर 'ट्रंकेट -एस ०' वापरा. जर्नल फुगला असेल तर जर्नलसीटीएलला '--व्हॅक्यूम-साइज' देऊन आटोक्यात आणा.

वाटसरू
वाचतोय, वाखू (वाचनखूण) साठवली आहे. मी साइट चालवत नाही, नुसता वापरतो. ५०३ दिसला तर माझ्या हातात काही असतं का?

रात्रपाळी
@वाटसरू, फार थोडं. आकडा दिसतोय म्हणजे तुमचं इंटरनेट चालू आहे आणि पलीकडे कोणीतरी उत्तर देतंय. डीएनएसचा घोळ असता तर आकडाच आला नसता. एकदा दुसऱ्या नेटवर्कवरून उघडून बघा, कारण काही साइट एखाद्या आयपीवरून जास्त विनंत्या आल्या तर तेवढ्यालाच ५०३ देतात. नाहीतर काही मिनिटं थांबा. सारखं रिफ्रेश करू नका, तुमची प्रत्येक विनंती आधीच तुंबलेल्या रांगेत भर घालते. आणि पैसे भरण्याच्या किंवा फॉर्म पाठवण्याच्या पानावर असाल तर रिफ्रेश अजिबात नको. विनंती मागे पोचलेली असू शकते, नुसतं उत्तर परत आलेलं नसतं. आधी व्यवहाराची नोंद तपासा.

मधली_सुट्टी
वर्डप्रेस असेल तर एक हमखास जागा: अपडेट अर्धवट राहिलं की मूळ फोल्डरमध्ये '.मेंटेनन्स' नावाची फाइल राहते आणि साइट ५०३ देत बसते. ती काढली की झालं.

लॉगवाचक
@मधली_सुट्टी, त्यात एक बारकावा आहे. वर्डप्रेस त्या फाइलमधली वेळ बघतं आणि १० मिनिटं उलटली की फाइलकडे दुर्लक्ष करतं. तेव्हा अपडेटमुळे राहिलेली फाइल तासन्‌तास साइट बंद ठेवू शकत नाही. ठेवत असेल तर बहुधा कोणीतरी ती हाताने बनवून आत ठरावीक वेळेऐवजी 'टाइम()' फंक्शन लिहिलंय; मग ती वेळ कधीच जुनी होत नाही. फाइल काढूनही ५०३ राहिला तर प्लगइन्सचं फोल्डर तात्पुरतं दुसऱ्या नावाने ठेवून बघा. साइट उठली तर नाव पूर्ववत करून एकेक प्लगइन चालू करत जा.

अष्टपैलू
थोडं अवांतर, पण विंडोजवाल्यांसाठी. आयआयएसवर (विंडोजच्या वेब सर्व्हरवर) ५०३ दिसला की बऱ्याचदा अ‍ॅप्लिकेशन पूल (साइटचा कोड चालवणाऱ्या प्रक्रियांचा गट) थांबलेला असतो. 'रॅपिड-फेल प्रोटेक्शन' मुळात ५ मिनिटांत ५ वेळा प्रक्रिया कोसळली की पूलच बंद करतं. तो हाताने चालू करणं हा उपाय नव्हे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आधीचे पाच संदेश वाचा, खरं कारण तिथे असतं. पुष्कळदा पूल ज्या खात्याखाली चालतो त्याचा पासवर्ड बदललेला असतो. आयआयएसच्या नेहमीच्या लॉगमध्ये हे ५०३ सापडत नाहीत कारण ते खालच्या थरातून, एचटीटीपी डॉट सिसकडून येतात. त्यांची नोंद सिस्टिम३२ मधल्या 'लॉगफाइल्स' फोल्डरात 'एचटीटीपीईआरआर'मध्ये बघा. एएसपी डॉट नेट असेल तर मूळ फोल्डरात 'अ‍ॅप_ऑफलाइन' नावाची एचटीएम फाइल राहिलीय का तेही.

जुनी_वही
@अष्टपैलू, लिनक्सवर त्याचाच भाऊबंद सिस्टिमडीत आहे. सेवा १० सेकंदांत ५ वेळा पडली की 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' म्हणून तो प्रयत्नच सोडतो. कारण दुरुस्त केल्यावरही सेवा उठत नसेल तर 'सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड' चालवून मग स्टार्ट करा.

मधली_सुट्टी
लोड बॅलन्सरचा विषय निघालाय तर एक विचारते. सगळे सर्व्हर एकदम 'डाउन' दिसतात आणि एचएप्रॉक्सी (लोड बॅलन्सर) 'नो सर्व्हर इज अव्हेलेबल' म्हणून ५०३ देतं, पण एकेका सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर तो जिवंत असतो. असं का होतं?

टर्मिनल
@मधली_सुट्टी, हेल्थ चेकचं पान (सर्व्हर जिवंत आहे का हे बॅलन्सर ज्यावरून ठरवतो ते) डेटाबेसला हात लावतंय का बघा. लावत असेल तर डेटाबेस दोन सेकंद मंद झाला की सगळ्यांची तपासणी एकाच वेळी नापास होते आणि लोड बॅलन्सर सगळ्यांनाच बाहेर काढतो. मंद साइट चालली असती, ती पूर्ण बंद होते. मग सगळे एकदम आत येतात, साठलेली गर्दी एकदम अंगावर येते, पुन्हा बाहेर. हेल्थ चेकने एवढंच विचारावं की ही प्रक्रिया विनंती घेऊ शकते का. डेटाबेसच्या प्रकृतीची चौकशी वेगळ्या देखरेखीत ठेवा.

रात्रपाळी
+१. आणि जिथे पुढे लोड बॅलन्सर, मागे नोड (जावास्क्रिप्टचा सर्व्हर) आहे तिथे अधूनमधून, काही लय नसलेले ५०२ येत असतील तर कीप-अलाइव्हच्या (रिकामी जोडणी उघडी ठेवण्याच्या) वेळा जुळवा. नोडच्या बऱ्याच आवृत्त्यांत रिकामी जोडणी ५ सेकंदांनी बंद होते, पुढचा बॅलन्सर मात्र तीच जोडणी बहुधा मिनिटभर वापरण्याजोगी समजतो. नोड जोडणी बंद करत असतानाच नवी विनंती त्यावर आली की ५०२. मागच्याची मुदत पुढच्यापेक्षा नेहमी थोडी जास्त हवी.

वाटसरू
देखभालीसाठी साइट बंद ठेवताना लोक 'लवकरच परत येतोय' असं साधं पान लावतात. ते चालतं ना?

जुनी_वही
पान चालेल, पण त्याचा स्टेटस २०० ('सगळं ठीक') असू नये. २०० दिला तर गूगलच्या दृष्टीने तुमच्या प्रत्येक पानाचा मजकूर 'लवकरच परत येतोय' एवढाच होतो. ५०३ आणि रिट्राय-आफ्टर द्या. मात्र रोबोट्स डॉट टीएक्सटीला (शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या फाइलला) ५०३ देऊ नका, ती फाइल २०० नेच जाऊ द्या. तिच्यावर ५०० च्या घरातला एरर आला तर गूगल पूर्ण साइटचं क्रॉलिंग थांबवतो. आणि ५०३ हा तात्पुरताच असावा; दिवसेंदिवस राहिला तर पानं शोधातून गळायला लागतात.

केशरी
सर्वांचे आभार. लॉग फॉरमॅट बदलला, स्क्रिप्ट लावली. बिघाडाच्या वेळी मिळालं ते असं:

५०३ च्या ओळींत अपस्ट्रीम स्टेटसच्या जागी आडवी रेघ आहे. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये त्याच वेळेला 'लिमिटिंग कनेक्शन्स बाय झोन' असं येतंय. ५०४ च्या ओळींत अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम ६० च्या जरा वर. एफपीएमच्या लॉगमध्ये 'सर्व्हर रीच्ड पीएम मॅक्स चिल्ड्रन सेटिंग', कंसात ५. प्रोसेसलिस्टमध्ये एकच सिलेक्ट क्वेरी पाच वेळा, प्रत्येकीची वेळ ४० सेकंदांच्या पुढे. मेमरी जवळजवळ निम्मी मोकळी, डिस्क आणि आयनोड ठीक.

लॉगवाचक
मग चित्र स्पष्ट आहे. क्वेरी मंद आहे, म्हणून पाचही वर्कर (एफपीएमच्या प्रक्रिया; मॅक्स चिल्ड्रन ही त्यांची कमाल संख्या) तिच्यात अडकतात. नव्या विनंत्या रांगेत थांबतात, ६० सेकंद झाले की ५०४. या काळात उघड्या जोडण्या साठत जातात आणि कॉन्फिगमधली 'लिमिट_कॉन'ची (एकाच वाचकाच्या एकावेळच्या जोडण्यांची) मर्यादा ओलांडली जाते. एनजिनएक्स त्यावर मुळात ५०३ देतं. दोन आकडे, दुखणं एकच.

पण खरी मेख पुढे आहे. तुमच्यापुढे सीडीएन आहे. एनजिनएक्सला खऱ्या वाचकाचा आयपी सांगितलेला नसेल तर त्याच्या लेखी सगळे वाचक सीडीएनच्या मोजक्या आयपींवरून येतात आणि शेकडो माणसं एकाच माणसाच्या मर्यादेत मोजली जातात. अ‍ॅक्सेस लॉगचा पहिला रकाना बघा. तेच ते चार-सहा आयपी दिसले तर हेच घडतंय. रिअल आयपी मॉड्यूलमध्ये 'सेट_रिअल_आयपी_फ्रॉम' खाली फक्त सीडीएनने जाहीर केलेल्या आयपी श्रेणी लिहा आणि 'रिअल_आयपी_हेडर'मध्ये त्यांचं हेडर. सगळ्या जगाला विश्वासू ठरवू नका, नाहीतर कोणीही हेडरमध्ये खोटा आयपी लिहून मर्यादा चुकवेल. सोबत 'लिमिट_कॉन_स्टेटस' ४२९ करा, म्हणजे मर्यादेमुळे दिलेला नकार आणि खरा ५०३ लॉगमध्ये वेगळे दिसतील. 'एनजिनएक्स -टी' ने कॉन्फिग तपासून मग रीलोड. रीस्टार्टची गरज नाही.

केशरी
पहिल्या रकान्यात तेच ते आयपी आहेत. मॅक्स चिल्ड्रन किती करू? आणि ६० चा टाइमआउट वाढवू का?

रात्रपाळी
टाइमआउट वाढवू नका. वाढवला तर तोच अडकलेला वर्कर आणखी वेळ अडकेल. उलट इथे एक भोक बुजवायचंय: एनजिनएक्सने ५०४ देऊन हात झटकले तरी एफपीएमचा वर्कर त्या क्वेरीची वाट बघत राहतो. पीएचपीचा 'मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम' त्याला सोडवत नाही, कारण लिनक्सवर डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात मोजला जात नाही. पूलच्या कॉन्फिगमध्ये 'रिक्वेस्ट_टर्मिनेट_टाइमआउट' मुळात बंद असतो, तो ५० सेकंद करा. तो मारेल तेव्हा ५०२ दिसेल, घाबरू नका. शिवाय 'रिक्वेस्ट_स्लोलॉग_टाइमआउट' ५ सेकंद आणि स्लोलॉगची फाइल द्या. कोडच्या कुठल्या ओळीवर वेळ जातोय ते नावानिशी मिळेल.

मॅक्स चिल्ड्रनचा हिशेब मेमरीवरून. एका वर्करची आरएसएस (प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) पीएसमध्ये बघा. समजा ८० एमबी. ४ जीबीतून मायएसक्यूएलला दीड, बाकी यंत्रणेला अर्धा आणि थोडी मोकळी जागा सोडली तर पावणेदोन जीबी उरते, म्हणजे साधारण २०. आंधळेपणाने १०० केलेत तर मेमरी संपून कर्नलचा ओओएम किलर बहुधा सर्वात जास्त मेमरीवाल्यालाच मारतो, आणि तो तुमचा मायएसक्यूएल असेल.

टर्मिनल
मात्र क्वेरी न सुधारता ५ चे २० केले तर तीच जड क्वेरी एकाच वेळी वीस वेळा चालेल, डेटाबेस अजून मंद होईल. क्रम महत्त्वाचा: आधी क्वेरी, मग वर्कर. आणि एफपीएम रीस्टार्ट केल्यावर प्रोसेसलिस्ट पुन्हा बघा. वर्कर मेला तरी त्याची क्वेरी बऱ्याचदा मायएसक्यूएलमध्ये चालूच राहते, ती 'किल'ने वेगळी थांबवावी लागते.

केशरी
एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) करून पाहिलं. टाइपमध्ये 'ऑल' म्हणजे पूर्ण टेबल वाचलं जातंय, ओळी लाखांत, शेवटच्या रकान्यात 'यूझिंग फाइलसॉर्ट' म्हणजे क्रम वेगळा लावावा लागतोय. क्वेरी एका विभागाचे लेख तारखेच्या उतरत्या क्रमाने काढून पहिले २० घेते. इंडेक्स फक्त प्रायमरी की वर आहे.

जुनी_वही
विभाग आणि तारीख या दोन रकान्यांचा मिळून एकच इंडेक्स करा, याच क्रमाने. विभाग पुढे असल्यामुळे तेवढ्याच नोंदी वाचल्या जातील, आणि त्या तारखेनुसार आधीच लावलेल्या असल्याने फाइलसॉर्ट जाईल. दोन रकान्यांचे दोन वेगळे इंडेक्स केलेत तर हा फायदा मिळणार नाही.

इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या मूळ साठवण यंत्रणेत) असा इंडेक्स चालू साइटवर घालता येतो, वाचन-लेखन थांबत नाही. तरी गर्दी नसताना घाला. एक धोका मात्र खरा आहे: त्या टेबलावर एखादा लांबलेला ट्रान्झॅक्शन उघडा असेल तर ऑल्टर (इंडेक्स घालणारी कमांड) त्याच्यामागे थांबतो, आणि ऑल्टरच्या मागून आलेल्या साध्या सिलेक्टही थांबतात. प्रोसेसलिस्ट 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक'ने भरते आणि पुन्हा ५०४. मायएसक्यूएलचा 'लॉक_वेट_टाइमआउट' मुळात ३१५३६००० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण एक वर्ष. तेव्हा ऑल्टर चालवण्याआधी त्याच सेशनमध्ये तो ५ करा. लॉक मिळालं नाही तर ऑल्टर पाच सेकंदांत एरर देऊन बाजूला होईल, साइट चालू राहील. मग प्रोसेसलिस्टमधून अडवणारा सेशन शोधून बंद करा आणि ऑल्टर परत द्या.